मेलो कुठे, मारलं कुणी : आयर्नक्लॅडच्या बारा डावांची वही

३ फेब्रुवारी

कन्सोलवर ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांनी राक्षस मारत मनोरा चढायचा खेळ सुरू करून आठवडा झाला. पंधराएक वेळा मेलो असेन, पण एकाही मरणाचं कारण मला सांगता येत नाही. दर वेळी तोंडातून एकच वाक्य निघतं, ‘पानंच बरी आली नाहीत.’ पत्त्यांत हरणाऱ्या माणसाचं हे पिढीजात वाक्य. ते खरं असतं तर हाच खेळ लागोपाठ जिंकणारे लोक दिसले नसते. म्हणून ही वही घातली.

पात्र एकच, आयर्नक्लॅड. डाव बारा. प्रत्येक मरणाचा पंचनामा करायचा आणि त्यात रकाने दोनच : ‘कुठे मेलो’ आणि ‘मारलं कुणी’. पहिल्यात मजला आणि राक्षसाचं नाव, दुसऱ्यात खरा गुन्हेगार. दोन्ही रकान्यांत एकच नाव क्वचितच येईल असा माझा संशय आहे.

नियम असे. खेळण्याआधी कुठलंही मार्गदर्शन वाचायचं नाही, मात्र ज्याने मारलं त्याची माहिती मेल्यावर काढायला हरकत नाही. लढाई अर्धवट सोडून परत सुरू करायची नाही. रात्री अकरानंतर नवा डाव नाही. (हा तिसरा नियम घरच्यांनी घातलाय.)

पुढे विसरेन म्हणून खेळाबद्दल थोडं. मेगा क्रिट नावाच्या छोट्या स्टुडिओचा हा खेळ, अँथनी जियोव्हानेट्टी आणि केसी यानो या दोघांनी उभा केलेला. अपुऱ्या अवस्थेत तो नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या हातात आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात प्लेस्टेशन ४ वर आणि जूनमध्ये स्विचवर उतरला. पत्त्यांचा दरिद्री कॅट घेऊन सुरुवात करायची आणि वाटेत तो सुधारत न्यायचा, ही कल्पना २००८ च्या ‘डॉमिनियन’ या टेबलावरच्या खेळातून चालत आलेली. इथे तिला मनोरा, राक्षस आणि मरण जोडलं आहे. मेलात की सगळं गेलं, पुन्हा तळमजला.

आयर्नक्लॅडकडे जीव ८०, पानं १०. पाच स्ट्राइक (प्रत्येकी ६ चा घाव), चार डिफेंड (५ चा ब्लॉक, म्हणजे तेवढा घाव अडतो) आणि एक बॅश. बॅशचा घाव ८ चा, शिवाय शत्रूला दोन टर्न ‘व्हल्नरेबल’ करतो, म्हणजे पुढचे घाव त्याला दीडपट लागतात. दर टर्नला पाच पानं आणि ती खेळायला तीन एनर्जी. उरलेली पानं हातात राहत नाहीत, टाकलेल्या ढिगात जातात. शत्रू पुढच्या टर्नला काय करणार ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. लढाई जिंकली की समोर तीन पानं येतात. एक घ्या, नाहीतर एकही घेऊ नका.

‘एकही घेऊ नका’ हा पर्याय आठवडाभरात मी एकदाही वापरलेला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

४ फेब्रुवारी. डाव १

सातव्या मजल्यावर ग्रेमलिन नॉब. लाल, धिप्पाड, डोक्याला शिंगं. पहिल्या टर्नला नुसता ओरडतो. त्यानंतर तुम्ही स्किल जातीचं पान खेळलात की दर वेळी त्याची ताकद २ ने वाढते, म्हणजे त्याचा प्रत्येक घाव २ ने जड. डिफेंड हे स्किल. मी गेले चार मजले गोळा केलेली तिन्ही पानंही स्किल.

ब्लॉक लावायला म्हणून तीन स्किल खेळलो. १४ चा घाव २० चा झाला. त्याने आधी मला व्हल्नरेबल करून ठेवलेलं, त्यामुळे लागला ३० चा. असे दोन घाव.

कुठे मेलो : मजला ७, ग्रेमलिन नॉब.
मारलं कुणी : मजला २ ते ५ वर घेतलेली तीन ‘सुरक्षित’ पानं. नकाशाही धरा. एलिट, म्हणजे नेहमीच्यांहून तगडे राक्षस सहाव्या मजल्याच्या आत येत नाहीत आणि मी निवडलेल्या वाटेवर तो टाळायला फाटाच नव्हता. नकाशा पहिल्या मजल्यावरूनच पूर्ण दिसतो. मी तो पाहिला तो वाट सुंदर वळणाची आहे म्हणून.

६ फेब्रुवारी. डाव २

हेक्साघोस्ट. सहा ज्योतींचं भूत, जीव २५०. पहिल्या टर्नला काही करत नाही. दुसऱ्या टर्नला सहा घाव एकदम, आणि ते माझ्या जिवाच्या हिशेबाने. मेल्यावर सूत्र काढलं : माझ्या जिवाला १२ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, १ मिळवायचा. तो एक घाव. असे सहा.

पंधराव्या मजल्यावर शेकोटी येते. तिथे विश्रांती घेऊन जीव ३० टक्के भरता येतो किंवा एक पान सुधारता येतं. माझा जीव ५६ होता. विश्रांती घेतली, ८० झाला, छाती फुगवून वर गेलो. ८० ला १२ ने भागून ६, अधिक १ म्हणजे ७. सात सक ४२. उरले ३८. विश्रांती घेतली नसती तर ५६ चे ४ अधिक १, पाच सक ३०, उरले असते २६. शेकोटीवर मिळालेल्या २४ पैकी १२ भूत दुसऱ्याच टर्नला गिळून गेलं. माझ्या पदरात बारा पडले, आणि त्या बारासाठी मी बॅश सुधारायची संधी सोडली. सुधारलेल्या बॅशने दोनऐवजी तीन टर्न व्हल्नरेबल. २५० जिवाच्या भुतापुढे तो जादा टर्न मला मोलाचा वाटतो.

भूत १९ जिवावर असताना मेलो.

कुठे मेलो : मजला १६, हेक्साघोस्ट.
मारलं कुणी : मजला १५ ची शेकोटी.

९ फेब्रुवारी. डाव ३

पहिल्यांदाच दुसऱ्या अंकाच्या (मनोऱ्याच्या तीन टप्प्यांतल्या दुसऱ्याच्या) टोकाला पोचलो. तिथे चॅम्प, जीव ४२०. माझ्या कॅटमध्ये ३४ पानं. आणि काय एकेक पान! डीमन फॉर्म होतं, ते एकदा मांडलं की दर टर्नला ताकद २ ने आपोआप वाढत जाते. लिमिट ब्रेक होतं, असलेली ताकद दुप्पट करणारं. कागदावर हा डाव हरण्यासारखा नव्हताच.

लिमिट ब्रेक तिसऱ्या टर्नला आलं. ताकद शून्य. शून्याची दुप्पट शून्य. डीमन फॉर्म सातव्या टर्नला आलं, तोवर अर्ध्यावर आलेल्या चॅम्पने माझे सगळे शाप अंगावरून झटकून टाकले होते आणि तो पिसाळला होता. डीमन फॉर्मला तीनही एनर्जी लागतात, त्यामुळे त्या टर्नला ब्लॉक शून्य. पुढचं लिहीत नाही.

मग पेन घेऊन बसलो. एखादं ठरावीक पान पहिल्या पाचात येण्याची शक्यता १० पानांच्या कॅटमध्ये ५० टक्के. २० पानांत २५. ३४ पानांत १५ सुद्धा नाही. दोन ठरावीक पानं पहिल्याच हातात एकत्र यायची असतील तर १० पानांत साधारण २२ टक्के, ३४ पानांत दोनहून कमी. पूर्ण कॅट एकदा डोळ्यांखालून जायला १० पानांना दोन टर्न लागतात, ३४ ला सात. सात टर्न! पहिल्या अंकातल्या बऱ्याच लढाया चार-पाच टर्नमध्ये आटोपतात. म्हणजे माझी निम्मी पानं त्या लढायांत नुसती पगारी होती.

पण आकडे एकाच बाजूने वाचून चालणार नाही. सुरुवातीच्या दहा पानांत नऊ पानं भिकार, म्हणजे ९० टक्के. ३४ मध्ये तीच नऊ पानं २६ टक्क्यांवर येतात. मोठ्या कॅटमध्ये भिकार पानं विरळ होतात, त्यांच्याबरोबर हुकमाची पानंही विरळ होतात. मला नक्की कशाला विरळ करायचंय, हा प्रश्न मी प्रत्येक लढाईनंतर विचारायला हवा होता. मी विचारत होतो, ‘या तिघांतलं चांगलं कुठलं?’ तिघांतलं एक नेहमीच चांगलं असतं. क्लॅशसुद्धा मी असाच उचलला : शून्य एनर्जीत १४ चा घाव, फुकट! अट इतकीच की हातातली सगळी पानं अटॅक जातीची हवीत. अख्ख्या डावात दोनदा खेळला गेला. पुन्हा घेणार नाही.

कुठे मेलो : मजला ३३, चॅम्प.
मारलं कुणी : ‘तिघांतलं चांगलं कुठलं’ हा प्रश्न.

१० फेब्रुवारी

खेळलो नाही. कंट्रोलर चार्जिंगला लावायचा राहिला. पंचनाम्याची गरज नाही, गुन्हेगार घरातच आहे.

१२ फेब्रुवारी. डाव ४

नवा मुल्ला. आता कॅट पातळच ठेवायचा म्हणून दुकानात जाऊन स्ट्राइक काढून टाकत सुटलो. पान काढायची किंमत पहिल्यांदा ७५ सोनं, मग १००, मग १२५. तीन स्ट्राइक गेले, तीनशे सोनं गेलं, नवी पानं फक्त पाच घेतली. दुसऱ्या अंकात बारा पानांचा कॅट, दर तिसऱ्या टर्नला पिसून परत हातात. चाकू व्हावा तसा. दोन लढाया इतक्या झटपट संपल्या की मी उभा राहून खेळू लागलो.

मग बुक ऑफ स्टॅबिंग. पुस्तक आहे, त्यातून सुरे निघतात. दर वेळी एक जास्त. अडवला न गेलेला प्रत्येक सुरा माझ्या कॅटमध्ये एक ‘जखम’ घालतो. जखम म्हणजे खेळता न येणारं पान, हातात नुसती जागा अडवणारं. माझ्या बारा पानांत पाच जखमा शिरल्या, म्हणजे सतरात पाच, २९ टक्के. मागच्या डावातल्या ३४ पानांच्या बोजड कॅटमध्ये त्याच पाच जखमा १३ टक्क्यांवर राहिल्या असत्या. आणि पातळ कॅट भराभर पिसला जातो म्हणून जखमाही भराभर परत येतात. ज्या वेगाचा मला गर्व होता त्याच वेगाने कचरा हातात येत होता. शेवटच्या हातात चार जखमा आणि एक डिफेंड.

कुठे मेलो : मजला २७, बुक ऑफ स्टॅबिंग.
मारलं कुणी : तिसऱ्या डावाचा पंचनामा. गुन्हेगार बरोबर पकडला होता, शिक्षा मात्र जरा जास्तच दिली.

१५ फेब्रुवारी. डाव ५

भाची आली होती. वही वाचून हसली आणि कंट्रोलर मागितला. डाव तिचा, नोंद माझी.

ती आधी शत्रूच्या डोक्यावरचं वाचते आणि मग हातातली पानं पाहते. मी उलटं करतो. पानं बघतो, बेत आखतो आणि बेत पक्का झाल्यावर समोरचा काय करणार आहे ते पाहतो. तोवर बेताचा मोह सुटलेला नसतो.

आठव्या मजल्यावर लागावुलिन. हा एलिट झोपलेला भेटतो. घाव घालून जखमी केलात तर उठतो, नाहीतर तीन टर्न झोपतो. मी असतो तर ‘फुकटचे घाव’ म्हणून लगेच तुटून पडलो असतो. तिने डीमन फॉर्म मांडलं, पुढच्या टर्नला इन्फ्लेम (लगेच २ ताकद देणारं) मांडलं, मग नुसतीच टर्न सोडली.

‘अगं, मार की!’

‘मामा, तो झोपलाय ना? मग मी आधी माझं आवरून घेते.’

चौथ्या टर्नला तो उठला तेव्हा हिची ताकद दोन आकड्यांच्या जवळ. दोन टर्नमध्ये आटोपला.

तिसऱ्या अंकात तिला ट्रान्झिएंट भेटला. जीव ९९९. मी कपाळावर हात मारला. तिने त्याच्या पायाशी असलेल्या बारक्या खुणांवर कर्सर नेला : पाच टर्ननंतर हा आपोआप विरून जातो, आणि त्या टर्नला जितका जीव त्याचा जाईल तितका त्याचा घाव कमी होतो. म्हणजे त्याला मारायचंच नाही, पाच टर्न तग धरायचा. घाव ३० पासून सुरू होऊन दर वेळी १० ने वाढतो. तिने निम्मं अडवलं, निम्मं त्यालाच मारून कमी केलं. टीव्हीपासून आठ फुटांवर बसून त्या खुणा मला नीट दिसतही नाहीत. हातात धरून खेळताना तर अक्षर मुंगीएवढं होतं. पण खरं सांगायचं तर मी कर्सर तिकडे कधी नेलाच नव्हता.

कुठे मेली : मजला ४४, नेमेसिस. एक टर्न आड त्याला कुठलाही घाव फक्त १ चाच लागतो.
मारलं कुणी : मी. शेवटच्या चार टर्न मी शेजारून सूचना देत होतो.

१९ फेब्रुवारी. डाव ६

हा डाव बाद. का ते लिहिणं भाग आहे.

स्लाइम बॉस, जीव १४०, अर्ध्यावर आला की दोन तुकडे होतात. तो ३५ चा घाव घालणार असं स्पष्ट लिहिलेलं. माझ्या हातात दोन डिफेंड आणि एक श्रग इट ऑफ (८ चा ब्लॉक), एनर्जी तीन, जीव ३०. १८ चा ब्लॉक लावला की १७ लागणार, १३ उरणार. पान निवडायला गेलो आणि अंगठ्याने टर्न संपवायचं बटण दाबलं. एनर्जी तीनच्या तीन शिल्लक. ब्लॉक शून्य.

मेल्याचं चित्र यायच्या आत मी मेनूतून बाहेर पडलो. परत आत गेलो तर लढाई पहिल्यापासून सुरू, आणि गंमत म्हणजे तीच पाच पानं, त्याच क्रमाने. खेळाने नशीब आधीच वाटून ठेवलेलं असतं, फक्त माझी खेळी बदलता येते. बॉस जिंकलो. आणि नंतरचे नऊ मजले खेळताना तोंडाची चवच गेलेली. विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर कुठेतरी स्वतःच डाव सोडला.

बटणाची चूक ही माझी चूक धरायची की नाही यावर बराच वेळ घालवला. धरायची. मजला आठवत नाही, रकाने कोरे.

२१ फेब्रुवारी. डाव ७

पहिल्या अंकाच्या बॉसनंतर सतराव्या मजल्यावर पेटी उघडते, तीन मोठ्या रेलिकांतलं (डावभर जवळ राहणाऱ्या जादूच्या वस्तूंतलं) एक घ्यायचं. रुनिक डोम घेतला. दर टर्नला एनर्जी तीनऐवजी चार. त्याची किंमत अशी की शत्रू पुढे काय करणार ते आता दिसणार नाही.

सहा दिवसांपूर्वी मीच लिहिलंय की मी शत्रूचं वाचत नाही. मग मला काय फरक पडणार, असा विचार केला.

पडला. न वाचणं वेगळं आणि वाचायला नसणं वेगळं. बेत आखून झाल्यावर एक नजर तरी मी टाकत होतो, हे तेव्हा कळलं. प्रत्येक टर्नला भीतीने जास्तीचा ब्लॉक लावत गेलो, म्हणजे चौथी एनर्जी भीतीतच खर्च झाली.

कुठे मेलो : मजला २४, तिघा गुलामविक्यांच्या टोळीत.
मारलं कुणी : मजला १७ ची पेटी.

२२ फेब्रुवारी. डाव ८

दुसऱ्या अंकाच्या तोंडाशीच तीन पक्षी. उडताना घाव निम्मे लागतात, एकाच टर्नमध्ये तीनदा लागले की खाली पडतात. माझ्या कॅटमध्ये एकेक जड घाव घालणारीच पानं. हेक्साघोस्टसाठी मुद्दाम जमवलेली.

कुठे मेलो : मजला १९, पक्षी. मारलं कुणी : हेक्साघोस्टवरचा विजय.

२६ फेब्रुवारी

अर्ध्याहून जास्त वही भरली म्हणून मागे वळून पाहिलं. बाद डाव सोडला तर सात मरणं. त्यांतल्या सहांमध्ये गुन्हा मरणाच्या लढाईआधीच झालेला आहे. कधी एक मजला आधी, कधी पंधरा. अपवाद भाचीचा डाव, तिथे गुन्हेगार सोफ्यावर होता.

आणखी एक गोष्ट दिसली, तिने जरा अस्वस्थ केलं. प्रत्येक पंचनाम्याने मला पुढच्या डावात वेगळ्याच चुकीकडे ढकललं. जाड कॅटने पातळ कॅटकडे, हेक्साघोस्टने पक्ष्यांकडे. मी नेहमी मागच्या राक्षसाशी लढत वर चढतोय.

४ मार्च. डाव ९

हा डाव सविस्तर लिहितो, कारण इतकं सुख या खेळाने आजवर दिलेलं नाही.

एकोणिसाव्या मजल्यावर करप्शन मिळालं. ते मांडलं की सगळी स्किल पानं फुकट होतात, मात्र एकदा खेळलेलं स्किल त्या लढाईपुरतं जळून जातं. पंचविसाव्यावर फील नो पेन : पान जळलं की ३ ब्लॉक. एकोणतिसाव्यावर दुकानात डार्क एम्ब्रेस : पान जळलं की एक नवं पान हातात. तिन्ही मांडली की साधा डिफेंडसुद्धा राजा होतो. फुकट खेळायचा, ५ अधिक ३ असा ८ चा ब्लॉक, वर एक पान. ते पान स्किल निघालं तर तेही फुकट, तेही जळणार, आणखी एक पान. श्रग इट ऑफ मुळातच एक पान देतं, इथे दोन देऊ लागलं. एका टर्नला मी चौदा पानं खेळलो. ओढायचा ढीग संपत आला, टाकलेल्यात उरले फक्त अटॅक, म्हणजे लढाईच्या मध्येच जाड कॅट पातळ झाला. तिसऱ्या आणि चौथ्या डावाचं भांडण इथे मिटलेलं पाहून मी खरंच टाळी वाजवली.

पन्नासाव्या मजल्यावर टाइम ईटर. जीव ४५६. त्याच्या अंगावर एक घड्याळ असतं, ते माझी पानं मोजतं. टर्न बदलली तरी मोजणी चालूच. बारावं पान पडलं की माझी टर्न तिथल्या तिथे संपते आणि त्याची ताकद २ ने वाढते.

बारा. माझं सगळं यंत्र चौदा-पंधरा पानांवर चालणारं.

पहिल्या टर्नला दोन मांडणीची पानं आणि काही किरकोळ. दुसऱ्या टर्नला सातव्या पानावर घड्याळ बारावर आलं, हातात तीन अटॅक तसेच राहिले. पुढे मोजून खेळू लागलो आणि मोजून खेळलं की हे यंत्र चालतच नाही. त्यात तो अर्ध्याखाली गेल्यावर परत अर्ध्यापर्यंत भरून येतो. १७० वर आणला होता, २२८ झाला. माझी स्किल तोवर जळून संपलेली. ब्लॉक लावायला काहीच उरलं नाही.

कुठे मेलो : मजला ५०, टाइम ईटर.
मारलं कुणी : अंक सुरू होताना नकाशाच्या टोकाला बॉसचं चित्र असतं. पस्तिसाव्या मजल्यावर मी ते पाहिलं होतं. पंधरा मजले चढलो, दोन दुकानं लागली, तीन शेकोट्या लागल्या, आणि एकदाही त्या चित्राचा विचार करून पान घेतलं नाही. यंत्र इतकं सुरेख चाललं होतं की त्याला धक्का लावावासा वाटला नाही.

५ मार्च. डाव १०

मजला ६, तीन सेंट्री. झोप अपुरी. पंचनाम्यात लिहिण्यासारखं काही नाही, तरी नोंद पाहिजे म्हणून लिहिली.

८ मार्च. डाव ११

पुन्हा ग्रेमलिन नॉब, या वेळी जिंकलो, स्किल एकही न खेळता. जीव ९ उरला. जिंकल्यावर आयर्नक्लॅडचं बर्निंग ब्लड ६ जीव देतं, झाले १५. आणि एवढ्यावर मी पुढची वाट निवडली ती दुसऱ्या एलिटची, कारण आत्मविश्वास ८० होता.

कुठे मेलो : मजला १०. मारलं कुणी : मजला ८ चा विजय.

१३ मार्च. डाव १२

शेवटचा डाव. भाची शेजारी. तोंड बंद ठेवायची अट तिने मला घातली होती, तीच आज उलटी तिला, म्हणून ती फक्त पाहणार.

पहिल्या अंकात नॉब येऊ शकतो म्हणून अटॅक पाहिजेत, आणि पाचव्या मजल्यावर तिघांतलं त्यातल्या त्यात कामाचं पान निघालं क्लॅश. वहीत ठळक अक्षरात ‘पुन्हा घेणार नाही’ लिहिलेलं. घेतलं. भाचीने वहीतलं ते पान उघडून माझ्यासमोर धरलं, बोलली काही नाही.

सतराव्या मजल्याच्या पेटीतून कॉफी ड्रिपर : चार एनर्जी, पण शेकोटीवर विश्रांती बंद. प्रत्येक शेकोटीला पान सुधारणंच भाग पडलं. दुसऱ्या डावातल्या माणसाला हे रेलिक बळजबरीने द्यायला हवं होतं. दोन इन्फ्लेम, एक लिमिट ब्रेक, एक व्हर्लविंड मिळालं. आठ वेळा ‘एकही नको’ म्हटलं. पस्तिसाव्या मजल्यावर टोकाचं चित्र पाहिलं : डोनू आणि डेका, प्रत्येकी २५०. दोघं आहेत, म्हणजे सगळ्यांना लागणारे घाव हवेत. व्हर्लविंड तेच करतं, ते काढून टाकायचं नाही. कॅट २६ वर थांबवला.

वर पोचलो तेव्हा जीव ५१.

दोन इन्फ्लेम म्हणजे ताकद ४, लिमिट ब्रेकने ८. व्हर्लविंड चारही एनर्जी घालून खेळलो, ५ अधिक ८, तेराचे चार घाव, दोघांनाही ५२. डोनू दर एक टर्न आड दोघांची ताकद ३ ने वाढवतो, म्हणून आधी तो. तो मरेपर्यंत दोनदा वाढवून गेला. डेकाचा १० चा दुहेरी घाव १६ चा झालेला. शिवाय त्या घावाबरोबर ‘डेझ्ड’ ही निरुपयोगी पानं माझ्या कॅटमध्ये येत होती, आणि हातात एक जरी डेझ्ड असलं तरी क्लॅश खेळता येत नाही. तीन वेळा क्लॅश आला, तिन्ही वेळा तसाच टाकला. तिसऱ्या वेळी भाचीने वहीवर बोट ठेवलं.

शेवटचा हात. माझा जीव ९. डेका ४४, वर १६ चा ब्लॉक, म्हणजे मिळून ६० फोडायचे, आणि तो ३२ चा घाव घालणार. हातात दोन स्ट्राइक, पॉमेल स्ट्राइक, डिफेंड आणि क्लॅश. डेझ्ड नाही.

मी आधी शत्रूचं वाचलं, मग पानं. अडवून उपयोग नाही, डिफेंडचे पाच धरूनही चौदाच होतात. मारायचंच. स्ट्राइक चौदाचे दोन, अठ्ठावीस. पॉमेल सतरा. बेरीज पंचेचाळीस. पंधरा कमी.

मग डिफेंड खेळलो, ब्लॉकसाठी नाही, हातातून घालवायला म्हणून. उरले चारही अटॅक. क्लॅशची कडा उजळली. शून्य एनर्जी, १४ अधिक ८, बावीस. डेका ३८. स्ट्राइक, २४. स्ट्राइक, १०. पॉमेल.

भाचीने वही ओढून घेतली आणि बारावा पंचनामा तिच्या अक्षरात आहे.

कुठे मेला : मजला ५०, डेका.
मारलं कुणी : शेवटचा घाव पॉमेल स्ट्राइकचा. मामाच्या नियमाने, मजला ५ वरचा क्लॅश.